विहीर राहते का नाही

बहिणीच्या त्या पत्राला गुणवंतरावांनी उत्तर दिलं नव्हतं. ते आलं तेव्हा आखातातल्या अल ऐनमध्ये सकाळी फिरायला जाताना स्वेटर लागत होता. आता स्वेटर कपाटात गेला, बागांमधले मजूर खजुरांवर चढून मोहोर बांधायला लागले, तरी पत्र होतं तिथेच होतं, शब्दकोशाच्या पानांत. गुणवंतराव रोज शब्दकोश उघडत आणि नेमकं ते पान सोडून दुसरं काहीतरी पाहत.

पत्र धनंजयच्या ऑफिसच्या पत्त्यावर आलं होतं. त्या देशात टपाल दारावर येत नाही, कंपनीच्या पेटीत येतं. धनंजय म्हणजे त्यांचा मुलगा, पंप आणि पाइपलाइनची कामं घेणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. संध्याकाळी घरी येऊन त्याने लिफाफा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "बाबा, आत्याचं पत्र. ऑफिसात सगळे विचारत होते, अजून कोण पत्र लिहितं म्हणून."

सत्यभामाबाई लिहीत, कारण त्यांना ऐकू येत नव्हतं. फोन कानाला लावला की "बरं हाय, बरं हाय" असं मोठ्याने दोनदा म्हणून त्या ठेवून देत. शेजारच्या पोराने मोबाइलवर मेसेज दाखवला तर म्हणत, "हे कोनीबी लिहीन. गुणवंताचं अक्षर मी वळखते." चौथीपर्यंत शिकलेली ही थोरली बहीण. गुणवंतराव तिला बाई म्हणत. नवरा लवकर गेल्यावर ती माहेरी मोहदरीला परत आली आणि वडिलांचं शेत आणि विहीर तिनेच सांभाळली. मोहदरी चंद्रपूर जिल्ह्यातलं, नाल्याकाठचं लहान गाव. गुणवंतराव शिकले, वरोऱ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल झाले, आणि शेताला त्यांनी कधी हात लावला नाही. बायको गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं.

पत्र एवढंच होतं:

"गुणवंता, अनेक आशीर्वाद. तुह्यं मागचं पत्र सरपंचानं सभेत वाचून दाखवलं. पाण्याची वाट मानसाच्यानं मोडत नाही, असं तू लिहिलं ना, ते त्यानं दोनदा वाचलं. लोकायले बरं वाटलं. नाल्याच्या पल्याड कोळशाची खाण होऊन राह्यली. आपली जमीन त्याच्यात जात नाही. पन खड्डा लई खोल राहीन म्हणतात, अन् त्यातलं पानी रोज उपसतीन. कंपनीवाले म्हणतात विहिरीची काळजी करू नका, तेच पानी साफ करून घरोघरी नळानं देऊ. चैतात सुनावणी हाय. मले एकच सांग. आपली विहीर राहते का नाही राहत? हो म्हन नाहीतर नाही म्हन. तू म्हनशील तसं मी सभेत बोलीन. बाकी सारं ठीक."

हो म्हण नाहीतर नाही म्हण. गुणवंतरावांना आयुष्यात कुणी असं पेचात धरलं नव्हतं. ग्रंथालयात कुणी काही विचारलं की ते पुस्तक काढून देत. उत्तर द्यायची वेळ त्यांच्यावर येत नसे. त्यांनी कागद घेतला आणि लिहिलं, "मी या विषयातला जाणकार नाही." मग तो कागद फाडला. दुसरा घेतला, त्यावरही पहिलं वाक्य तेच आलं. संगणकावर वाचायला बसले तर एका लेखात लिहिलेलं, खाणीमुळे आजूबाजूच्या विहिरी आटतात. दुसऱ्यात लिहिलेलं, मधल्या चिकणमातीच्या थराने त्या वाचतातही. मोहदरीखाली कोणता थर आहे हे कोण सांगणार?

आणि मनात सलत होतं ते निराळंच. सरपंचाने दोनदा वाचलेलं ते वाक्य.

ते त्यांनी इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात लिहिलं होतं. घरापासून चालत जाण्याजोग्या अंतरावर खजुरांची जुनी बाग होती. मातीच्या भिंतींमधून वाटा जात, आणि वाटेच्या कडेने हातभर रुंदीचा पाट वाहत असे, अगदी स्वच्छ, तळाचे खडे मोजावेत असा. पाटाला इथे फलज म्हणतात. डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखाली खोदलेल्या बोगद्यातून पाणी आपल्या उताराने येतं, मोट नाही, मोटर नाही; शेकडो वर्षांपासून असंच. हे सगळं बागेच्या दारावरच्या फलकावर लिहिलं होतं. गुणवंतरावांनी फलक दोनदा वाचला, पाटाशी बसले, पाण्यात बोटं बुडवली, आणि घरी येऊन बहिणीला लिहिलं, "इथे वाळवंटातसुद्धा पाणी हजार वर्षं आपल्या वाटेने चाललं आहे. पाण्याची वाट माणसाला मोडता येत नाही."

लिहून झाल्यावर ते वाक्य त्यांना फार आवडलं होतं. आपल्यालाही असं लिहिता येतं, असं क्षणभर वाटलं होतं.

पत्र येऊन आठवडा झाला नसेल तोच केरूचा फोन आला. केरू मोहदरीचाच, त्यांच्या घरामागच्या आळीतला. शारजाच्या औद्योगिक भागात एका गॅरेजात डंपर दुरुस्त करायचा.

"मामा, बाईचं पत्र आलं काय?"

"आलं."

"उत्तर धाडलं?"

"नाही अजून. विचार करतो आहे."

"मंग नका धाडू," केरू म्हणाला. मागे कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं. "रागावू नका मामा. तुमच्या पत्रानं गाव शांत झालं. पहिले बाया भांडून राह्यल्या होत्या सरपंचासंगं. आता म्हणतात, गुणवंतभाऊनं लिहिलं, ते तर वाळवंटात राहून पानी पाह्यतात. मामा, खाण झाली तर डंपर येतीन. डंपर आले तर मेकॅनिक लागन. समजलं ना? माही पोरगी मले फोनवाला बाबा म्हणते. चार्जिंगले लावलेल्या फोनजवळ जाऊन जेवला का म्हणून इचारते."

"समजलं," गुणवंतराव म्हणाले.

"तुमाले कोन खोटं बोलाले लावते? काही बोलूच नका ना. खलास."

काही न बोलणं गुणवंतरावांना सहज जमण्यासारखं होतं. त्यांनी तेच केलं. थंडी सरली.

मग एका सकाळी पाट कोरडा होता.

नेहमीच्या वळणावर ते पोचले तेव्हा आधी काय चुकतंय तेच कळेना. मग ध्यानात आलं, आवाज नाही. पाटाच्या तळाला ओल होती, खड्डे होते तिथे थोडं पाणी साचून राहिलं होतं आणि त्यात दोन साळुंक्या अंघोळ करत होत्या. गुणवंतराव थोडा वेळ उभे राहिले. एरवी ते ठरलेल्या वाटेने ठरलेल्या बाकापर्यंत जात आणि परत फिरत. त्या दिवशी ते पाटाच्या उलट दिशेने चालू लागले, पाणी जिकडून येतं तिकडे. कुणी हटकलं तर काय सांगायचं याचं वाक्य त्यांनी इंग्रजीत मनाशी जुळवून ठेवलं. कुणी हटकलं नाही. भिंती संपल्या, मोकळी जागा आली. तिथे पाट एका चौकोनी हौदापाशी थांबत होता आणि हौदाच्या कडेवरून मांडीएवढ्या जाडीचा काळा पाइप आत वाकला होता. पाइपाच्या तोंडातून थेंब थेंब गळत होतं. पलीकडे जाळीच्या आत निळा पंप उघडून ठेवलेला, त्याचे नटबोल्ट एका फडक्यावर ओळीने मांडलेले.

हौदाच्या मागच्या बाजूला जुन्या बोगद्याचं तोंड होतं. गुणवंतरावांनी वाकून आत पाहिलं. आत कोरडी माती, कोळ्याची जाळी आणि वाऱ्याने आणलेली एक प्लास्टिकची पिशवी.

संध्याकाळी जेवताना त्यांनी विषय काढला. समिधा, त्यांची सून, हॉस्पिटलच्या लॅबमधून नुकतीच आली होती आणि पोळ्या लाटत होती. नात अस्मिता ताटावर वाकून फोन बघत होती.

"धनू, बागेतल्या पाटाचं पाणी पंपाचं आहे?"

"हो बाबा. म्हणजे काय?"

"डोंगरातून येत नाही?"

"यायचं पूर्वी. मग सगळ्यांनी डीप बोअर मारले, शेतं वाढली, शहर वाढलं, वॉटर टेबल गेलं खाली. आता पाटात बोअरचं सोडतात, कुठे समुद्राचं गोडं केलेलं. हेरिटेज आहे ना, बंद कसं ठेवणार? आपणच बसवलेत की काही पंप."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं कुठे? मला वाटलं माहीत असेल. सगळ्यांनाच माहीत आहे."

"आजोबा, इट्स जस्ट अ कॅनल," अस्मिता फोनमधून मान न काढता म्हणाली.

समिधाने पोळी तव्यावर टाकली. "बाबा, तुम्ही आत्यांना याबद्दल लिहिलं होतंत ना? मला वाचून दाखवलं होतंत. छान होतं."

गुणवंतरावांनी मान हलवली.  मग त्यांनी खाणीचं, सभेचं, सुनावणीचं सगळं सांगितलं. धनंजयने शांतपणे ऐकलं. तो वाईट मुलगा नव्हता.

"बाबा, तुम्ही हायड्रोजिऑलॉजिस्ट नाही. तिथे कंपनीचे कन्सल्टंट असतात, रिपोर्ट असतात. तुम्ही एक वाक्य लिहाल आणि उद्या ते चुकीचं निघालं तर?"

"एक वाक्य चुकीचं निघालंच आहे," गुणवंतराव म्हणाले. "ते गावात फिरतंय."

 अस्मिताने फोन उलटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाटाला पाणी आलं. गुणवंतराव बाकावर बसून पाहत होते. दोन पर्यटक आले, पाटाशी वाकून फोटो काढून गेले. पाणी अगदी पहिल्यासारखंच होतं, तितकंच स्वच्छ, तितकंच गार. पाहणाऱ्याला काही फरक कळला नसता. त्यांना मोहदरीची विहीर आठवली.

त्या विहिरीत पूर्वेच्या अंगाला एक काळा दगड बाहेर आलेला होता. त्याला बुढी म्हणत. पावसाळ्यानंतर बुढी पाण्याखाली असायची. उन्हाळा चढला की तिचं डोकं वर यायचं, आणि ज्याला ते पहिल्यांदा दिसेल तो गावात ओरडत जायचा, "बुढी दिसली!" त्या दिवसापासून शेताची मोटर बंद, वांगी वाळली तर वाळली; पाणी फक्त पिण्याला. हातपंप कोरडे पडत, आणि सगळी वस्ती आपले गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, घेऊन बाईच्या विहिरीवर येई. ज्याच्या घरी बाळंतीण असेल त्याचा गुंड आधी. बाई काठावर बसून असायची, कुणाला दटावायची, कुणाला स्वतः दोर ओढून द्यायची. बुढीच्या खांद्यापर्यंत पाणी गेलं की भांडीही राखेने घासत. हा नियम कुणी लिहून ठेवला नव्हता. लहानपणी गुणवंताला वाटायचं, ती खरोखरच कुणी म्हातारी आहे आणि ती सगळ्यांकडे पाहते.

ते घरी आले आणि कागद घेऊन बसले. "मी या विषयातला जाणकार नाही," हे वाक्य हाताशी आलंच. ते त्यांनी लिहिलं नाही. म्हणजे नंतर लिहिलं, पण पहिलं नाही.

"बाई," त्यांनी लिहिलं, "हो किंवा नाही म्हण असं तू म्हणालीस. नाही. विहीर राहील असं मी म्हणू शकत नाही. राहणार नाही असंच धरून तू चाल. मागच्या पत्रात मी ज्या पाटाबद्दल लिहिलं, त्याचं पाणी डोंगरातून येत नाही. माणसांनी खोल बोअर मारले तेव्हाच तो झरा आटला. आता तिथे पंपाने पाणी सोडतात आणि पंप बिघडला की पाट कोरडा पडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. सरपंचांनी दोनदा वाचलेलं माझं वाक्य खोटं आहे. पाण्याची वाट माणसाला मोडता येते. मी या विषयातला जाणकार नाही. म्हणून जाणकारांना सुनावणीत सर्वांसमोर विचार, की नाल्यापल्याड रोज पाणी उपसलं तर नाल्याअलीकडच्या विहिरीचं काय होईल, आणि उत्तर लेखी माग. नळाला पाणी येईल, खोटं नाही. पण कुणी सोडलं तर येईल. हे पत्रही सभेत वाचायला लाव. दोनदा."

वाचून पाहिलं. मागच्या पत्रासारखं ते काही सुंदर नव्हतं. त्यांनी सही केली.

त्या आठवड्यात केरू आला. तो सुट्टीवर गावी निघाला होता. जाण्याआधी मामांना भेटून बाईसाठी काही द्यायचं असेल तर न्यावं म्हणून शारजाहून बसने आला. हातात खजुरांचा डबा, केसांना तेल, इस्त्रीचा शर्ट. समिधाने त्याला जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर गुणवंतराव म्हणाले, "चल, तुला एक जागा दाखवतो."

बागेत दुपारची सावली दाट होती. ते केरूला पाटाच्या कडेने वर वर नेत हौदापर्यंत घेऊन गेले. पंप चालू होता. पाइपातून पाणी जोराने पडत होतं. गुणवंतरावांनी बोगद्याचं तोंड दाखवलं. केरूने आत डोकावून पाहिलं, मग सवयीने पंपाकडे वळला आणि कान देऊन ऐकू लागला.

"बेअरिंग नवीन टाकलं. मस्त चालून राह्यला." मग तो पाण्याकडे बघत म्हणाला, "पन मामा, पानी तर हाय ना? आलं ना? मंग काय बिघडलं?"

"यात बुढी कुठे आहे, केरू?"

केरूने त्यांच्याकडे पाहिलं.

"पाणी कमी झालं हे इथे कुणाला, कशावरून कळणार?" गुणवंतराव हळूच म्हणाले. एवढं बोलायलाही त्यांना जड जात होतं. "पंप चालू आहे तोवर सगळं आहे. बंद पडला तर काहीच नाही. मधलं काही नाही."

केरू हौदाच्या कडेवर बसला. पाइपाच्या जोडावरचा गंज त्याने नखाने खरवडला.

"मी लहान असताना एका साली मीच पाह्यली होती बुढी," तो म्हणाला. "ओरडत गेलो. बाबानं मारलं, आमची मिरची त्याच पान्यावर होती म्हणून."

"मला माहीत आहे."

"तुमी पत्र लिहिलं."

"लिहिलं." त्यांनी खिशातून लिफाफा काढला. "तू परवा गावात असशील. टपालाला दिवस लागतात. तुझ्या हातून गेलं तर बाईला सुनावणीच्या आधी नक्की मिळेल."

केरूने लिफाफा घेतला नाही. हात मांडीवरच ठेवले.

"बाईनं वाचलं तर बाई सभेत उभी राहीन. बाई उभी राह्यली तर साऱ्या बाया उभ्या राहतीन. मंग कंपनी दुसऱ्या गावाकडे सरकन, तिकडचे पोरं कामावर लागतीन. अन् मी परत हितं येईन, शारजात." त्याचा आवाज चढला नाही. "तुमचं चूक हाय असं नाही म्हणत मी. पन मामा, माह्या हातानं नाही होनार. मी बॅगेत घेतलं तर रस्त्यात कुठंतरी फेकीन. खरं सांगतो. तुमी पोस्टात टाका."

गुणवंतरावांनी लिफाफा परत खिशात ठेवला. त्यांना राग आला नाही. उलट त्यांना वाटलं, इतकं सरळ आपल्याला कधी कुणाला नाही म्हणता आलं नव्हतं.

"पोस्ट कुठे आहे मला माहीत नाही," ते म्हणाले. "टाकायची पत्रं धनंजयच नेतो. पण हे मला त्याच्याकडे द्यायचं नाही."

केरू उठला, पँट झटकली. "चला. मी दाखोतो. मोबाइलवर दिसते. यल्ला."

दोघं टॅक्सीने गेले. पोस्टात गार हवा होती आणि गर्दी नव्हती. काउंटरवरच्या मुलीच्या शर्टावर लायबा असं नाव होतं. तिने लिफाफा वजनकाट्यावर ठेवला, आणि हिंदीत म्हणाली, "साधं पाठवलं तर महिना धरा अंकल. एक्सप्रेस हवं असेल तर ऐंशी दिरहम."

"ऐंशी," केरू मागून पुटपुटला. "म्हणजे दोन हजार रुपये होतात मामा. एका पत्राले."

"एक्सप्रेस," गुणवंतराव म्हणाले.

लायबाने पत्ता टाइप केला. मुक्काम मोहदरी, तालुका, जिल्हा. मग थांबली. "रिसीव्हर का मोबाइल नंबर?"

"नंबर नाही. तिला ऐकू येत नाही."

"नंबर लागतोच अंकल. डिलिव्हरीवाला फोन करतो. नंबर नसेल तर पार्सल तालुक्यालाच पडून राहतं."

गुणवंतरावांनी काउंटरच्या कडेवर दोन्ही हात टेकले. गावातला एकही नंबर त्यांना पाठ नव्हता. सरपंचाचा धनंजयकडे असेल, पण हे पत्र सरपंचाच्या हाती कसं पडू द्यायचं? धनंजयचा द्यावा तर तो इथला. त्यांनी वळून पाहिलं नाही. मागे रांगेत कुणीतरी खाकरलं.

"माह्या घरचा लिहा," केरू म्हणाला.

तो पुढे आला. त्याने नंबर हिंदीत, एकेक आकडा सुटा करून सांगितला, लायबाने टाइप केलेला वाचून दाखवला तेव्हा एक आकडा दुरुस्त केला. "माही बायको उचलते," तो गुणवंतरावांकडे न बघता म्हणाला. "तिले सांगतो मी. ती पोरीले घेऊन जाईन अन् बाईच्या हातात देईन. मी नाही देनार. मी शेतावर असन तवा."

"बरं," गुणवंतराव म्हणाले. 

"सुनावणीच्या आत पोचन काय?" केरूने लायबाला हिंदीत विचारलं, जसं काही तिला सुनावणी माहीत होती.

"इन्शाल्ला," ती म्हणाली. तिने पावती फाडून दिली, लिफाफ्यावर लांबट स्टिकर चिकटवला आणि तो मागच्या निळ्या पेटीत, बाकीच्या पत्रांवर ठेवला.